गच्चीवरचं गार ऊन

वैशाख लागला की वनिता अढाऊला माणसांपेक्षा फ्रिजची काळजी जास्त वाटे. माणसं निदान कुरकुरतात, सावलीला सरकतात, पाणी मागतात. फ्रिज भिंतीला पाठ लावून घुरघुरत राहतात आणि एखाद्या दुपारी मुकाट्याने मान टाकतात. मग दूध, दही, पनीर सगळं उकिरड्यावर. मूर्तिजापूरच्या स्टँड रोडवरच्या ‘अढाऊ सुपर शॉपी’त गेल्या तीन उन्हाळ्यांत हे चारदा झालं होतं.

दोष फ्रिजचा नव्हता. फ्रिज थंडी तयार करत नाही, तो नुसता हमाल. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. बाहेर तीस अंश असले तर तो ते काम गाणं म्हणत करतो. बाहेर एकोणपन्नास असले तर आधीच भरलेल्या पोत्यात आणखी कोंबल्यासारखं होतं, आणि तेवढ्याच गारव्याला दुप्पट वीज लागते. त्यात आता विजेचा दर तासातासाला बदलू लागला होता. ज्या दुपारी अख्ख्या गावाला गारवा हवा, नेमक्या त्याच दुपारी तो आभाळाला टेकायचा. तेव्हा वनिता काचेच्या कपाटातले दिवे मालवायची, पंखा बंद करायची आणि पदराने वारा घेत गल्ल्यावर बसायची. गिऱ्हाईक दार उघडं ठेवून थंड पेय निवडत बसलं की ती उठून स्वतः दार लावून यायची.

वय छप्पन्न. नवरा रामेश्वर जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी इंदूरला दिलेली. सकाळी सहाला शटर वर, रात्री दहाला खाली. मधल्या वेळात आपण दमलो आहोत, हे कुणाला सांगावं असं खाली कुणी नव्हतं. वर होतं. वर थोरली जाऊ होती, तीही नवऱ्यामागे एकटी उरलेली, चंद्रकलाबाई.

घराची ही वर-खाली वाटणी सासऱ्यांनी केलेली. प्लॉट एवढा अरुंद, की उभा कापला तर दोन्ही भावांना बोळ आला असता. म्हणून त्यांनी घर आडवं कापलं. खालचं दुकान आणि मागची खोली धाकट्याला, वरचा मजला आणि गच्ची थोरल्याला. तेव्हा सगळे म्हणाले, थोरल्यावर अन्याय झाला, गच्चीत काय पिकतं? चंद्रकलाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना गच्चीच हवी होती.

कारण कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे शिजवायचा आणि गरम असतानाच पितळी सोऱ्यातून गोल गोल पाडायचा. वर कडक ऊन, खाली तापलेली फरशी, दोन्हीकडून भाजून निघाली तरच कुरडई तेलात फुलते. पूर्वी या कामाला गल्लीतल्या सात-आठ बायका जमत. हळूहळू त्या पाकिटातल्या कुरडयांकडे वळल्या, काही गाव सोडून गेल्या. आता दोघीच उरल्या होत्या. पहाटे पाचला वनिता वर जायची आणि सोऱ्या दाबायची, चंद्रकलाबाई पातेल्यातला चीक घाटायच्या, आणि सहाला वनिता खाली येऊन शटर उचलायची. अख्ख्या वर्षात दोघींचं सगळ्यात जास्त बोलणं या आठ-दहा पहाटांत व्हायचं.

त्या साली फाल्गुनात तौसीफ आला. अकोल्याचा, पस्तिशीचा, गार पत्रे बसवून देणारा. पत्रे म्हणायचं एवढंच. हाताला ते जाड प्लास्टिकच्या चटईसारखे लागायचे, पांढरेशुभ्र, खालून पाण्याच्या बारीक नळ्या.

“काकू, हात ठेवून पाहा,” तो म्हणाला. नमुन्याचा तुकडा दोन तास भर उन्हात पडला होता.

वनिताने हात ठेवला आणि चटकन काढला. भाजला म्हणून नाही. गार लागला म्हणून.

“आत बर्फ भरला काय?”

“काहीच नाही भरलं. वीज पण नाही,” तौसीफ हसला. “प्रत्येक वस्तू आपली उष्णता न दिसणाऱ्या उजेडासारखी बाहेर फेकत असते. तुम्ही, मी, ही भिंत. हवा तो उजेड मधेच अडवते आणि पुन्हा खाली पाठवते, म्हणून आपण तापतो. पण त्या उजेडातला एक पट्टा असा आहे, की हवेला तो अडवताच येत नाही. तिथं आभाळाला खिडकी आहे म्हणा ना. हा पत्रा आपली सगळी उष्णता नेमकी त्याच खिडकीतून बाहेर फेकतो. सरळ आभाळापार, जिथं मरणाची थंडी आहे. आणि वरून येणारं ऊन मात्र आरशासारखं परतवतो. म्हणून उन्हात पडूनही हा सावलीपेक्षा गार राहतो. नळ्यांतलं पाणी ती थंडी खाली आणते. तुमचे फ्रिज आपली उष्णता तापलेल्या हवेत टाकायच्या ऐवजी त्या पाण्यात टाकतील. निम्म्याहून कमी विजेत काम.”

“किती जागा लागते?”

“चार यंत्रं आहेत तुमची. आख्खी गच्ची लागेल. वर आभाळ मोकळं पाहिजे, पत्र्यावर काही झाकलेलं नको.” मग त्याचं लक्ष कोपऱ्यात उभ्या केलेल्या चटयांकडे गेलं. “आणि हे वाळवण यावर नका घालू. वरून सुकल्यासारखं दिसते, पण खालून गार लागून ओलंच राहते. पहाटे तर यावर दव धरते.”

चंद्रकलाबाई तेव्हा देवळात गेल्या होत्या. ऐकलं ते एकट्या वनितानं.

संध्याकाळी ती वर गेली. काय बोलायचं ते जिन्यात तीनदा म्हणून पाहिलं. दुकान बंद पडायची वेळ आली आहे, हे सांगितलं. पत्र्यांचं सांगितलं. चंद्रकलाबाई गहू निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“गच्ची माझीच राहीन ना?”

“तुमचीच आहे, ताई. नुसते पत्रे अंथरायचे. अनवाणी चाललं तरी चालते.”

“अन् वाळवणाचं?”

वनिताने गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला. नाही म्हणाल्या तर पुढच्या वैशाखात शटर कायमचं खाली येणार होतं. ती म्हणाली, “ऊन तर तेच राहणार ना, ताई.”

“हे पण खरंच हाय,” चंद्रकलाबाई म्हणाल्या आणि पुन्हा गहू निवडू लागल्या.

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. नंतर कितीतरी दिवस वनिता स्वतःला हेच समजावत राहिली.

पत्रे बसले आणि दुकानाचा आवाजच बदलला. फ्रिजची घुरघुर खाली आली, इतकी की वनिताला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक पहिल्यांदा ऐकू आली. भर दुपारी तिने काचेच्या कपाटातले दिवे लावले. पंखा लावला. एसटीचे कंडक्टर पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्ताने दहा मिनिटं रेंगाळू लागले, तरी ती दार लावायला उठली नाही. एके दुपारी गल्ल्यावरच तिचा डोळा लागला आणि जाग आली ती गिऱ्हाइकाने काउंटर वाजवल्यावर. सहा वर्षांत असं झालं नव्हतं.

तौसीफने फोनवर गच्चीचा नकाशा दिला होता. पत्रा गार असेल तिथे निळा, झाकला गेला असेल तिथे फिका. कुठे पालापाचोळा पडला, धूळ बसली, तर कळावं म्हणून. चैत्रातल्या एका सकाळी आठला वनिताने फोन उघडला आणि तिला निळ्यावर फिके ठिपके दिसले. गोल, तळहाताएवढे, एकाखाली एक, सरळ रांगांत. एक, दोन, दहा, चाळीस.

सोऱ्या दाबायला ती यंदा गेलीच नव्हती. “दूधवाला आता पाचलाच येते, ताई,” असं सांगून मोकळी झाली होती. दूधवाला पूर्वीइतकाच उशिरा येत होता. खरी गोष्ट अशी, की त्या पत्र्यावर कुरडया पडताना पाहायची तिची हिंमत नव्हती. आणि आता त्या फोनमध्ये येऊन बसल्या होत्या. चंद्रकलाबाईंचा हात असा, की वरून नकाशात पाहिलं तरी एकही रांग वाकडी नव्हती.

पहिल्या डब्याला पंधरा दिवसांनी वास आला. चंद्रकलाबाई डबा घेऊन खाली आल्या. कुरडया वरून कडकडीत दिसत होत्या, उलटून पाहिलं तर पोटाशी करडी बुरशी.

“चीक थंडा झाला असंन,” त्या म्हणाल्या. “एकटीनं घाटाचं, एकटीनं पाडाचं. टाइम लागते ना व.”

वनिता दह्याचे डबे नीट लावत राहिली.

दुसऱ्या खेपेला गव्हावर खापर फुटलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी कशालाच दोष दिला नाही. बुरशी धरली नव्हती, पण तळायला घेतली तर कुरडई तेलात दगडासारखी पडून राहिली. वनिता तेव्हा वर गेलेली होती, मिरच्या द्यायला. चंद्रकलाबाईंनी झाऱ्याने ती कुरडई बाहेर काढली, ताटलीत ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्या.

“माझ्या सासूचा हात शेवटी असाच गेलता,” त्या म्हणाल्या. “पयले कुरडया गेल्या. मग मीठ विसरे. मग नावं.”

“काहीतरीच काय, ताई.”

“काहीतरी कायले? सत्तरी झाली.”

त्या रात्री त्यांनी मुलाला फोन लावला. प्रज्वल हैदराबादला, अकराव्या मजल्यावर. दोन वर्षं तो मागे लागला होता, आई इकडे ये, आणि दोन वर्षं त्या म्हणत होत्या की वाळवण कोण करीन. आता त्या म्हणाल्या, बरं. शनिवारच्या गाडीचं तिकीट निघालं.

सोमवारी सकाळी वनिताने सवयीने फोन उघडला. गच्ची सगळी निळी. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकही ठिपका नाही. नकाशाखाली शाबासकी आली होती, शंभर टक्के आकाश वापरात. हेच तर तिला हवं होतं. थोरली गेली की विचारायलाही कुणी उरणार नव्हतं, गच्ची तिचीच झाल्यासारखी. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची तर आता चांगली सवय झाली होती. तिने फोन पालथा ठेवला. मंगळवारही तसाच गेला. बुधवारीही ती बोलली नाही.

गुरुवारी दुपारी चंद्रकलाबाई खाली आल्या. हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. काउंटरवर ठेवून त्यांनी फडकं सोडलं. सोऱ्या होता. सासूचा, तिच्या सासूचा, मुठीला झिजून चपटा झालेला.

“हा तुझ्याजवळ ठेव. मले काय कामाचा आता?”

तेवढ्यात कंडक्टर आला, पाण्याची बाटली मागू लागला. वनिताने ती दिली. सुटे दिले. तो रेंगाळला, आज किती गेलं म्हणे तापमान, असं विचारू लागला. तिने उत्तर दिलं नाही तेव्हा गेला. मग तिने काचेचं दार ओढून घेतलं.

“ताई, तुमचा हात नाही गेला.”

“जाऊ दे ना आता.”

“नाही गेला. पत्रा गार राहते. वरून ऊन लागते, खालून नाही लागत. त्याच्यावर काहीच वाळत नाही. तुम्ही केल्या काय, अन् दुसऱ्या कोणी केल्या काय, बुरशीच धरली असती.”

चंद्रकलाबाईंनी दोन्ही तळहात उलटे करून पाहिले, जणू ते नुकतेच कुणी परत आणून दिले होते. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी चेहरा उजळला. वनिताला वाटलं, झालं, सुटले.

“म्हणजे हाताचं काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“गव्हाचं पण नाही?”

“नाही.”

“अन् तुले कधी समजलं हे?”

इथेही एक वाट होती. कालच समजलं, असं म्हणता आलं असतं. पण वनिता फार दमली होती, आणि हे ओझं आता तिला एक पायरीसुद्धा वाहवणार नव्हतं.

“पहिल्या दिवशी. तौसीफनं सांगतलं होतं. तुम्ही वाळवणाचं विचारलं तेव्हा माहीत होतं मले.”

चंद्रकलाबाईंनी हात खाली घेतले. फ्रिज बारीक आवाजात चालू होते. त्यांनी सोऱ्या पुन्हा फडक्यात गुंडाळला, गाठ मारली आणि बगलेत धरून जिन्याकडे गेल्या.

वनिताने तिथूनच तौसीफला फोन लावला. “एक पट्टी काढून टाक. दक्षिणेकडची, कठड्यापासून पाच फूट.”

“काकू, मग आइस्क्रीमचा फ्रीझर नाही टिकणार.”

“तो बंद करते मी.”

“ऐन सीझनमध्ये?”

“उद्या सकाळीच ये,” वनिता म्हणाली.

शुक्रवारी सकाळी पट्टी निघाली. खालची फरशी उघडी पडली, ठिकठिकाणी चिकाचे जुने पांढरे डाग असलेली. दहापर्यंत ती पाय ठेवू नये इतकी तापली. वनिताने हाक मारली तेव्हा चंद्रकलाबाई वर आल्या, उघड्या फरशीच्या कडेला उभ्या राहिल्या.

“इथी घाला, ताई. जेवढ्या पायजे तेवढ्या.”

“गहू तीन दिवस भिजाव लागते, वनिता. उद्या गाडी हाय माही.”

“थांबा ना मग. प्रज्वलले मी सांगते.”

चंद्रकलाबाईंनी मान हलवली. आवाजात राग नव्हता. असता तर वनिताला बरं वाटलं असतं.

“तू पयल्याच दिवशी सांगतलं असतं ना, तर मी नाही म्हटलं असतं. तू भांडली असती. मी पण भांडली असती. महिनाभर बोललो नसतो आपण. मंग तू निम्मी गच्ची मागतली असती, अन् मी देली असती. इथीच राह्यलो असतो दोघी.” त्या थांबल्या. “मी तीन खेपा रात्र रात्र जागली व. मले वाटलं, मी माही सासू झाली.”

वनिताला रडू कोसळलं. चंद्रकलाबाईंनी तिला थोपटलं नाही, आणि त्या निघूनही गेल्या नाहीत. दोघी तिथेच उभ्या राहिल्या, एकीचे पाय गार पत्र्यावर, दुसरीचे तापलेल्या फरशीच्या काठावर, खालून गिऱ्हाइकाची हाक येईपर्यंत.

शनिवारी प्रज्वल आला आणि त्यांना घेऊन गेला. सामानात काय काय होतं ते वनिताने पाहिलं. फडक्यातला सोऱ्या पिशवीत सगळ्यात वर होता.

पुढचं वर्ष तसंच गेलं. शाळा सुटल्यावरची पोरं आइस्क्रीमसाठी पलीकडच्या चौकात जाऊ लागली. बंद फ्रीझरमध्ये वनिताने धुण्याच्या पावडरीची पाकिटं भरून ठेवली. फोनवर रोज सकाळी सूचना यायची, गच्चीवरचं बारा टक्के आकाश वापरात नाही, आणि खाली विचारलेलं असायचं, झाकायचं का? वनिता रोज नाही म्हणायची. तौसीफ एकदा म्हणाला, काकू, आता तर तिथं कोणीच वाळवण घालत नाही. ती म्हणाली, पाहू. दर पंधरवड्याला वर जाऊन ती ती पट्टी झाडून यायची. वरच्या मजल्याला कुलूप होतं. कुलपाजवळून जाताना ती पाय हळू टाकायची, कारण नसताना.

चंद्रकलाबाईंचा फोन रविवारी यायचा, तीन-चार मिनिटांचा. जेवली काय, बरी हाय काय, तिकडे पाऊस पडला काय. गच्चीचं त्या विचारत नसत आणि वनिता काढत नसे. बोलण्यात ‘ताई’ होतं, ‘वनिता’ होतं, पण मधे कुठेतरी पत्रा अंथरलेला होता आणि त्यावर काही सुकत नव्हतं.

होळी झाली. पाडवा चार दिवसांवर आला असताना, वार रविवार नसताना, सकाळी दहाला फोन वाजला. वनिता दुधाच्या पिशव्या मोजत होती.

“इकडे गॅलरीत आठपर्यंतच ऊन येते,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. नमस्कार नाही, चौकशी नाही. “मंग समोरची बिल्डिंग खाते. गच्चीवर आलं काय तिकडे?”

“थांबा, पाहते.”

गल्ल्यावर गिऱ्हाईक होतं. वनिताने त्याला तसंच उभं ठेवलं. गुडघे धरत ती जिना चढली, कुलपासमोरून गेली, गच्चीवर आली. पांढऱ्या पत्र्यांच्या फटींत पहाटेचं दव अजून होतं. ती कठड्याजवळच्या पट्टीपाशी वाकली आणि उघड्या फरशीवर तळहात टेकला. लगेच काढावा लागला.

“आलं, ताई. पोळते.”

पलीकडे गॅलरीचं दार सरकल्याचा आवाज आला.

“झाकली नाही तू ते पट्टी.”

“नाही.”

“अन् तुह्या त्या दूधवाल्याचं काय? पाचले येते ना तो?”

“तो कधीच पाचला येत नव्हता, ताई.”

“माहीत हाय मले,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “तेव्हाच माहीत होतं.” मग भांड्यांचा आवाज झाला, काहीतरी पितळी ओट्यावर ठेवल्यासारखा. “आज गहू भिजत घाल. पाणी रोज बदलवजो. सोऱ्या घेऊन येते मी.”